धुराची नळी आणि इंधनाचा हिशेब

(औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिक शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशात लोखंडाचे आयुष्य थोडे असते, ही गोष्ट गोव्यातील कोणत्याही घराच्या फाटकाकडे पाहिले तरी ध्यानात येते. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि रस्त्यावर साचणारे पाणी यांचा मारा मोटारीच्या पोटाखालून जाणाऱ्या धुराच्या नळीला सर्वांत आधी सोसावा लागतो. बाहेरून हा मारा आणि आतून धुरातील आम्लयुक्त ओल, अशा दुहेरी कात्रीत ती सापडलेली असते. त्यामुळे नळी सांध्यापाशी गळू लागली, सायलेन्सर तळाशी फुटला, या तक्रारी येथील गॅरेजांना नेहमीच्याच आहेत. कंपनीचा मूळ भाग महाग पडतो, कित्येकदा तो वेळेवर मिळतही नाही. मग बाजारात मिळणारा तयार भाग बसवला जातो, नाही तर वेल्डिंगच्या दुकानातून नळी बनवून घेतली जाते. काही तरुण केवळ आवाजाच्या हौसेने धडधाकट नळीही बदलतात.

बाहेरून बनवून घेतलेली नळी हलक्या प्रतीचीच असते असे मुळीच नाही. चांगल्या कारागिराने मापात केलेली नळी मूळ नळीइतकीच टिकू शकते. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोटारीच्या बांधणीत एक मोठा फरक झाला आहे. पूर्वी धुराची नळी म्हणजे केवळ धूर बाहेर नेणारी वाट होती. आता तीच नळी इंजिनाचे नाक झाली आहे. या नाकाने जो वास घ्यावा त्यावर इंजिनाला किती इंधन द्यावयाचे ते ठरते. म्हणून नळीचे काम करणाऱ्याने आपण इंधनाच्या कामाला हात घालीत आहोत, हे ओळखणे अगत्याचे झाले आहे. हे न ओळखल्याने काय होते, ते एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एका गाडीची हकिगत

म्हापशातील एका छोट्या दुकानदाराची गाडी. पेट्रोलची, चार सिलिंडरची, दहा वर्षे वापरलेली. पावसाळा संपता संपता मॅनिफोल्ड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्यामधील पुढची नळी सडली, म्हणून त्याने ती बाहेरून बनवून बसवली. फुटक्या नळीचा आवाज बंद झाला, गाडी पूर्ववत चालू लागली, गृहस्थ संतुष्ट झाला. तीन आठवड्यांनी स्टीअरिंगसमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. गॅरेजात स्कॅनर लावला तेव्हा पी ०१७१ हा संकेतांक आला. मिश्रणात इंधन कमी पडत आहे, असा त्याचा अर्थ.

पहिल्या मेस्त्रीने तर्क केला, की ज्या ऑक्सिजन सेन्सरने ही तक्रार नोंदवली तो सेन्सरच बिघडला असावा. नवा सेन्सर बसला. दिवा चार दिवस विझला आणि पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजात निदान झाले, की इंधन कमी पडते त्या अर्थी पंप थकला असावा. पंपही बदलला. दिवा पुन्हा लागला. एव्हाना गाडीचे अ‍ॅव्हरेज चांगलेच पडले होते, आणि नळी बनवण्यास जेवढा खर्च आला त्याच्या कितीतरी पट पैसा निरोगी भाग बदलण्यात गेला होता. महिन्याच्या उत्पन्नाचा ज्याला काटेकोर हिशेब ठेवावा लागतो, अशा माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

तिसऱ्या ठिकाणी एका शिकाऊ उमेदवाराने वेगळे काम केले. त्याने चारही प्लग काढले आणि पुसण्यापूर्वी त्यांच्याकडे नीट पाहिले. चारही प्लग कोरड्या काजळीने काळे झाले होते. स्कॅनर सांगत होता, इंजिनाला इंधन कमी मिळते. प्लग सांगत होते, जास्त मिळते. या दोन परस्परविरोधी साक्षी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील, या प्रश्नाच्या उत्तरात सारे निदान दडलेले आहे.

हिशेब कसा चालतो

पेट्रोल पुरतेपणी जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही दोष एकाच वेळी नाहीसे करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या प्रमाणाच्या अगदी जवळच नीट काम करतो. प्रमाण इतके अचूक राखणे कार्बुरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून धुरातील ऑक्सिजन मोजून इंधन दुरुस्त करण्याची युक्ती निघाली. बॉश कंपनीने तयार केलेला असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत प्रथम बसवला गेला. आपल्या देशात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला. शिसे कन्व्हर्टरला निकामी करते, म्हणून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली देशभर बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रमाण नव्या वाहनांना लागू झाले. आता लहानातल्या लहान मोटारीतही ही सारी यंत्रणा असते.

या सेन्सरचे मर्म झिर्कोनियाच्या एका छोट्या टोपीत आहे. टोपीच्या एका बाजूस बाहेरची हवा असते, दुसऱ्या बाजूस धूर. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीनुसार तिच्यात विजेचा दाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन उरलेला नसेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. सेन्सर इंधन मोजीत नाही. तो फक्त ऑक्सिजन मोजतो. ऑक्सिजन दिसला की इंधन कमी पडले असावे, असा अर्थ संगणक लावतो. तो अर्थ बहुधा खरा असतो. परंतु तो अनुमानच आहे, मोजमाप नव्हे.

या अनुमानावरून संगणक इंजेक्टर उघडे ठेवण्याचा काळ कमीअधिक करतो. या दुरुस्तीलाच फ्युएल ट्रिम म्हणतात. ती दोन नोंदींत ठेवली जाते. दुकानाच्या परिभाषेत सांगावयाचे तर एक रोजकीर्द आणि दुसरी खातेवही. शॉर्ट टर्म ट्रिम ही रोजकीर्द. ती क्षणोक्षणी वरखाली होत असते. लाँग टर्म ट्रिम ही खातेवही. रोजकीर्दीत एकाच बाजूची दुरुस्ती सारखी येऊ लागली, की संगणक ती खातेवहीत कायम करतो. आकडा अधिक असला तर संगणक मूळ हिशेबापेक्षा इंधन वाढवीत आहे, उणे असला तर कमी करीत आहे. निरोगी गाडीत दोन्हींची बेरीज शून्याच्या मागेपुढे पाच टक्क्यांच्या आत असते, दहापर्यंतही सहसा चिंता नसते. बेरीज वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली, की बहुतेक गाड्यांत दिवा लागतो. नेमकी मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

नळीतील फट काय करते

नळीला फट पडली तर धूर बाहेर जाईल, हवा आत येणार नाही, असे साहजिकच वाटते. परंतु धूर नळीतून अखंड धारेने वाहत नाही. तो ठोक्याठोक्याने येतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर संथ चालत असता नळीत सेकंदाला २५ ठोके पडतात. प्रत्येक ठोका पुढे गेला, की त्याच्या मागे क्षणभर नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूस असली, की हीच हवा सेन्सरपाशी पोहोचते.

पुढचे सारे अनर्थ क्रमाने घडतात. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. संगणक समजतो, इंधन कमी पडले. तो इंधन वाढवतो. फटीतून हवा येतच राहते, म्हणून तो आणखी वाढवतो. सिलिंडरमध्ये मात्र इंधन मुळात पुरेसे होते. ते आता जास्त झाले. प्लगवर काजळी धरते, पेट्रोल वाया जाते, काही इंधन तेलात उतरते. फटीतून आलेली हवा आणि न जळलेले इंधन यांचा संयोग शेवटी कन्व्हर्टरमध्ये होतो आणि तो वाजवीपेक्षा अधिक तापतो. असे दीर्घकाळ चालले, तर गाडीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक भाग एका गॅस्केटपायी जळून जातो.

वरच्या हकिगतीतील दोन्ही साक्षीदार खरे बोलत होते. प्लग सिलिंडरमधील हकिगत सांगत होता, सेन्सर नळीतील. दोघांच्या सांगण्यात विरोध आला, तर दोष त्या दोघांच्या मधल्या वाटेवर शोधावा. त्या उमेदवाराने तेथेच शोध घेतला. नळी वेल्डिंग करताना फ्लँज उष्णतेने किंचित वाकली होती आणि तिच्यावर जुनेच गॅस्केट पुन्हा बसवले होते. फट जेमतेम कागद जाईल एवढी. तिच्या काठावर काळ्या काजळीची एक बारीक रेघ उमटली होती. फ्लँज सपाट करून नवे गॅस्केट बसवले, तेव्हा दिवा विझला तो विझलाच.

तपासणीचा क्रम

या उदाहरणावरून तपासणीचा एक क्रम बांधता येतो. त्यास भारी उपकरणे लागत नाहीत. साधा स्कॅनर, प्लगचा पाना, साबणाचे पाणी आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते.

पहिली गोष्ट नोंदीची. नळीचे काम हाती घेण्यापूर्वीच, इंजिन तापलेले असताना, दोन्ही ट्रिमचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. नंतर दिवा लागला, तर संकेतांक पुसण्यापूर्वी त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहिती उतरून घ्यावी. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या किती, भार किती, पाण्याचे तापमान किती, हे तीत असते. घाईने संकेतांक पुसणे म्हणजे रोग्याचा ताप मोजण्याआधीच त्याला थंड पाण्याने न्हाऊ घालण्यासारखे होय.

दुसरी गोष्ट तुलनेची. इंजिन पुरते तापल्यावर आणि सेन्सरचा हिशेब सुरू झाल्यावर आकडे तीन वेळा पाहावेत : संथ चालीत, मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरून आणि चढावर भार घेताना. सेन्सरच्या अलीकडील फटीचा प्रभाव संथ चालीत सर्वाधिक असतो. फेऱ्या वाढल्या, की ठोके जवळजवळ येतात, धुराचे प्रमाण वाढते आणि ओढल्या जाणाऱ्या हवेचा वाटा नगण्य होतो. त्या गाडीत संथ चालीत अधिक १८ टक्के दिसत होते, २५०० फेऱ्यांवर अधिक ४. एवढे पाहिले असते तरी पंप वाचला असता. थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर याच्या उलट वागतो. संथ चालीत तो निभावून नेतो आणि भार वाढला की उघडा पडतो.

तिसरी गोष्ट प्लगची. संथ चालीत अधिक आकडा दाखवणारा आणखी एक दोष आहे, तो म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या वाटेवरील गळती. एअर मास सेन्सर असलेल्या गाडीत न मोजलेली हवा आत शिरली, की इंधन खरोखरच कमी पडते. दोन्ही दोषांत स्कॅनर एकच आकडा दाखवतो, प्लग मात्र वेगळे दिसतात. आतल्या गळतीत ते फिकट राहतात, नळीच्या फटीत काळे होतात. आतली गळती शोधण्यासाठी ज्वालाग्राही द्रव फवारण्याची पद्धत आहे. परंतु तापलेल्या मॅनिफोल्डजवळ ती आगीला आमंत्रण देते, म्हणून शिकाऊ माणसाने तिच्या वाटेस जाऊ नये.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष शोधाची. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करावी आणि पहिल्या मिनिटात मॅनिफोल्डजवळ कान द्यावा. बारीक टिकटिक ऐकू आली आणि लोखंड तापल्यावर ती नाहीशी झाली, तर सांध्यात फट आहे असे समजावे. कारण तापलेला धातू प्रसरण पावून फट झाकतो. नंतर इंजिन बंद आणि थंड असताना मागच्या टोकातून ब्लोअरची हवा हलक्या दाबाने नळीत सोडावी आणि प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक वेल्डवर, सेन्सरच्या आट्यांभोवती साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतील तेथे दोष. स्मोक मशीन असल्यास उत्तम, नसल्यास साबण पुरे.

पाचवी गोष्ट खातरजमेची. दुरुस्तीनंतर जुनी खातेवही स्कॅनरने पुसावी, गाडी काही किलोमीटर चालवावी आणि तेच तीन आकडे पुन्हा लिहावेत. दिवा विझला एवढ्याने काम झाले असे मानू नये. आकडे जागेवर आले म्हणजे काम झाले.

या साऱ्या तपासणीत एक धोका विसरून चालणार नाही. नळीच्या फटीतून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. दार लावलेल्या गॅरेजात इंजिन सुरू ठेवून काम करणाऱ्याला तो नकळत ठार करू शकतो. पावसाचे दिवस असले तरी दार उघडेच ठेवावे. गाडीच्या तळाशी गळणारी नळी हा गाडीत बसणाऱ्या मुलाबाळांच्या जिवाचाही प्रश्न आहे, हे मालकाला समजावून सांगणे कारागिराचे कर्तव्य ठरते.

फट नसेल तर

सारे सांधे कोरडे निघाले आणि तरीही आकडा हलत नसेल, तर बदललेल्या नळीकडे दुसऱ्या दृष्टीने पाहावे.

सेन्सरची जागा बदलली आहे का, हे प्रथम तपासावे. लांब नळ्यांचे हेडर बसवले, की सेन्सर इंजिनापासून दूर जातो, तेथे धूर थंड होऊन पोहोचतो आणि उत्तर उशिरा मिळते. सेन्सर नळीच्या खालच्या अंगास बसवला, तर सकाळचे साचलेले पाणी त्याच्यावर येऊन तापलेली टोपी तडकते. तो आडव्या रेषेपेक्षा निदान दहा अंश वर उचललेला असावा. तारा अपुऱ्या पडल्या म्हणून त्या तोडून डाख देण्याची सवयही टाळावी. पुष्कळ सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या तारांच्या आवरणातूनच मिळते. डाखाने किंवा ग्रीसने ती वाट बंद होते. योग्य जोडणीसह मिळणारी वाढीव तारच वापरावी. सांध्याला कोणताही सिलिकॉन मसाला फासू नये. त्याची वाफ सेन्सरच्या टोपीवर थर धरते आणि नवा सेन्सर काही दिवसांत मंद होतो. दोन रांगांच्या व्ही इंजिनात दोन्ही सेन्सरांच्या तारांची अदलाबदल झाली, तर एका रांगेचा आकडा अधिककडे आणि दुसरीचा उणेकडे धावत सुटतो. हे चित्र एकदा पाहिले, की पुन्हा ओळखण्यास कठीण जात नाही.

नंतर गाडी हवा कशी मोजते ते पाहावे. एअर मास सेन्सरची गाडी आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजते. अशा गाडीत नळी मोकळी केली, तरी केवळ तेवढ्याने ट्रिम फारशी हलू नये. हलली तर दोष अन्यत्र आहे. उलट मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज बांधणाऱ्या गाडीच्या संगणकात मूळ नळीला अनुसरून कोष्टके भरलेली असतात. नळी मोकळी झाली, की त्याच दाबाला सिलिंडरमध्ये थोडी अधिक हवा शिरते आणि वरच्या फेऱ्यांत आकडा अधिककडे झुकतो. नळी वाजवीपेक्षा अरुंद झाली किंवा कन्व्हर्टर तुंबला, तर तो उणेकडे जातो. येथे सेन्सर खरे बोलत असतो. बदललेली नळीच त्या गाडीच्या मापाची नसते.

शेवटी पेट्रोलचाही विचार करावा. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते. वीस टक्के मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा पुरते. दहा टक्के मिश्रणावर बेतलेली जुनी गाडी या पेट्रोलावर चार टक्क्यांच्या आसपास अधिक आकडा दाखवील. हा दोष नव्हे, संगणकाने चोख बजावलेले काम होय. परंतु नळी बदलण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवला नसेल, तर पेट्रोलाच्या खात्यातील हे चार टक्के नळीच्या खात्यावर मांडले जातील. वहीचे महत्त्व येथे पुन्हा पटते.

दिवा विझवण्याचा खोटा मार्ग

निदानाचे हे कष्ट टाळण्याचा एक मार्ग बाजारात मिळतो. कन्व्हर्टर कापून काढावयाचा, मागच्या सेन्सरखाली एक लांब नट बसवून त्याला धुरापासून दूर धरावयाचे किंवा संगणकातील तक्रारीची नोंदच बंद करावयाची. दिवा विझतो, मालक खूश होतो. परंतु सिलिंडरमधील जास्तीचे इंधन तसेच राहते आणि कन्व्हर्टरने रोखावयाचा विषारी धूर रस्त्यावर, शाळेच्या फाटकासमोर, बाजाराच्या गर्दीत मोकळा सुटतो.

कायद्याची दृष्टीही या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि हवेचे प्रदूषण यांविषयीच्या प्रमाणांचा भंग करून वाहन चालवल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र ठरते. सडलेल्या नळीच्या जागी त्याच मापाची, तीच यंत्रणा शाबूत ठेवणारी नळी बसवणे ही दुरुस्ती होय. कन्व्हर्टर काढून केवळ आवाज वाढवणारी नळी बसवणे हा गुन्हा होय. या दोहोंमधील रेषा प्रत्येक कारागिराला ठाऊक असली पाहिजे. ग्राहक हट्ट धरून बसला, तर ती त्याला समजावून सांगण्याइतका ठामपणाही त्याच्या अंगी असला पाहिजे.

मित्रहो, यंत्रे दिवसेंदिवस अधिक बोलकी होत आहेत. एके काळी मेस्त्री कानाने, नाकाने आणि बोटांनी निदान करीत असे. आज पडद्यावर आकडे उमटतात, आणि आकडा दिसला की विचार करण्याची गरज संपली, असा भ्रम सहज होतो. त्या म्हापशाच्या गाडीवर पहिली दोन निदाने करणारे कारागीर अडाणी नव्हते, अप्रामाणिकही नव्हते. त्यांनी यंत्राची साक्ष हाच न्यायनिवाडा मानला, एवढीच त्यांची चूक झाली. उमेदवाराने साक्ष ऐकली, दुसरा साक्षीदार बोलावला आणि मगच निर्णय दिला.

उद्या आपल्यापैकी कोणी मडगावात, कोणी फोंड्यात, कोणी डिचोलीत गॅरेज काढील. समोर येणारा ग्राहक बहुधा बेताच्या मिळकतीचा असेल आणि स्कॅनरवरचे अक्षर त्याला कळणार नाही. तो फक्त कारागिराच्या तोंडाकडे पाहील. नवा सेन्सर विकण्यात चार पैसे अधिक मिळतात, हे खरे. परंतु शंभर रुपयांच्या गॅस्केटने ज्याचे काम झाले तो ग्राहक जन्मभर त्या गॅरेजची वाट सोडीत नाही. म्हणून नळीचे काम केलेली गाडी दिवा लावून परत आली, की भाग मागवण्याआधी सांध्यावर साबणाचे पाणी फिरवावे, प्लग काढून पाहावेत आणि वही उघडावी. त्या दहा-वीस मिनिटांत ग्राहकाचा पैसा वाचतो आणि गावाची हवाही वाचते.